दोघांचा संघ, एकच बॉम्बसाइट: काउंटर-स्ट्राइक २ मधील विंगमॅन शिस्तीने कसे खेळावे

काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या संगणक खेळात एक संघ ठरलेल्या जागी, म्हणजे बॉम्बसाइटवर, बॉम्ब लावायला पाहतो आणि दुसरा ते रोखतो. पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या या खेळाविषयी शिकवणारे लेख आणि व्हिडिओ हवे तितके सापडतात. दोन विरुद्ध दोन खेळाडूंच्या विंगमॅनकडे मात्र मोठ्या सामन्याआधी हात मोकळा करण्याची जागा म्हणूनच पाहिले जाते, आणि त्यामुळे चांगला नेम असलेले खेळाडूही इथे महिनोन्‌महिने त्याच त्या चुका करत राहतात. विंगमॅन हा स्वतंत्रपणे अभ्यास करण्यासारखा प्रकार आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यात नेमबाजी लागतेच, पण सामना बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टीवर फिरतो: साथीदार पडला त्या क्षणी त्याला मारणारा शत्रू तुमच्या नेमाच्या टप्प्यात होता की नव्हता. या लेखातील खरेदी, स्मोक (धुराचा ग्रेनेड), जागा, बोलणे या सगळ्यांचा विचार त्या एका कसोटीवर केला आहे.

नियम आणि त्यामागचे गणित

विंगमॅन २०१७ मध्ये ग्लोबल ऑफेन्सिव्ह या आधीच्या आवृत्तीत, ऑपरेशन हायड्रा या ठरावीक मुदतीच्या उपक्रमाबरोबर आला आणि त्याच वर्षी ऑपरेशन संपल्यावर सर्वांसाठी कायम झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ प्रसिद्ध झाल्यावरही तो राहिला. नेहमीच्या मोठ्या नकाशाचा एकच बॉम्बसाइट असलेला तुकडा यात वापरला जातो, किंवा दोघांच्या लढतीसाठीच बनवलेला छोटा नकाशा असतो. सामना जास्तीत जास्त १६ राउंडचा असतो, ८ राउंडनंतर बाजू बदलतात आणि आधी ९ राउंड जिंकणारा संघ विजयी ठरतो. राउंड दीड मिनिटाचा असतो आणि लावलेला बॉम्ब ४० सेकंदांनी फुटतो. सिल्व्हरपासून ग्लोबल एलिटपर्यंतच्या १८ श्रेणी इथे स्वतंत्रपणे मोजल्या जातात, त्यामुळे इतर प्रकारांतील तुमची श्रेणी कोणतीही असली तरी विंगमॅनमध्ये ती नव्याने मिळवावी लागते.

आता एक साधा हिशेब पाहू. चारही खेळाडू अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक समोरासमोरची चकमक पन्नास-पन्नास टक्के आहे, असे गृहीत धरा. तुमचा साथीदार पडला आणि समोरचे दोघे जिवंत राहिले, तर तुम्हाला लागोपाठ दोन चकमकी जिंकाव्या लागतात, म्हणजे राउंड जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांवर येते. पण साथीदार पडताक्षणी तुम्ही त्याला मारणाऱ्याला टिपले, ज्याला खेळाडू ट्रेड म्हणतात, तर सामना एकास एक होतो आणि शक्यता पुन्हा ५० टक्क्यांवर जाते. पाच जणांच्या संघात पहिला खेळाडू गमावला तरी चौघे उरतात, योजना बदलायला वेळ असतो, दुसऱ्या साइटवर जाण्याचा पर्याय असतो. इथे पहिला बळी म्हणजे निम्मा संघ गेलेला असतो. म्हणूनच छोट्या नकाशावर एकट्याने केलेले धाडस फार महागात पडते, आणि ते धाडस दहापैकी तीन-चार वेळा फळाला येते म्हणून खेळाडूला त्याची किंमत जाणवत नाही.

यंत्र, जोडणी आणि आवाज

छोट्या नकाशावर शत्रू अगदी जवळून आणि अचानक समोर येतो, त्यामुळे जोडणीतील विलंब इथे जास्त बोचतो. महाराष्ट्रातून खेळणाऱ्यांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट अशी, की खेळ बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीचे सर्व्हर मुंबई आणि चेन्नई या दोन्ही ठिकाणी आहेत. खेळाच्या सेटिंगमध्ये मॅचमेकिंगसाठी कमाल पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्याच्या वेळेची, मर्यादा ठरवता येते. ती इतकी कमी ठेवावी की सामना दूरच्या सर्व्हरवर जाणार नाही. त्यासाठी रांगेत थोडे जास्त थांबावे लागले तरी ते परवडते. साथीदार दुबईत किंवा सिंगापुरात राहत असेल, तर दोघांनाही सुसह्य पिंग मिळेल अशा वेळी आणि अशा मर्यादेवर आधीच एकमत करून घ्यावे. शक्य तिथे वाय-फायऐवजी लॅन केबल वापरावी, कारण सरासरी पिंगपेक्षाही मधूनच येणारा झटका जास्त राउंड घालवतो.

चित्राचा दर्जा कमी ठेवून फ्रेमरेट स्थिर राखणे केव्हाही चांगले. माऊसची संवेदनशीलता इतकी असावी, की मनगट आणि कोपर मिळून एका सरळ हालचालीत मागे वळता येईल आणि तरीही दूरच्या डोक्यावर नेम थरथरणार नाही. एकदा ठरवली की ती दर आठवड्याला बदलू नये. हेडफोन मात्र आवश्यकच समजावेत. धावण्याची पावले ऐकू येतात, शिफ्ट दाबून चालल्यास येत नाहीत, आणि नकाशा एवढा लहान असतो की एका पावलाच्या आवाजावरून शत्रू दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने येतो आहे हे बऱ्याचदा निश्चित सांगता येते.

एकच नकाशा आधी पुरता शिकावा

विंगमॅनच्या नकाशांची यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे सगळे नकाशे थोडे थोडे येण्यापेक्षा एक-दोन पूर्णपणे येणे जास्त उपयोगाचे असते. पहिला नकाशा निवडताना मी ओव्हरपास सुचवतो, कारण त्याच्या बी साइटवर या प्रकारातील जवळजवळ सगळे धडे एकाच जागी मिळतात.

साइटकडे येण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक मॉन्स्टर, म्हणजे कालव्याच्या पातळीवरून येणारा बोगदा, आणि दुसरी शॉर्ट, जिथून थोड्या उंचीवरून साइट दिसते. साइटवर जाड काँक्रीटचा खांब आहे, मागच्या बाजूला पिंपे आहेत, आणि बचाव करणाऱ्यांच्या बाजूला उंचावर पूल आहे, ज्याला बरेच जण हेवन म्हणतात. नकाशा शिकायचा म्हणजे या जागांची नावे पाठ करायची एवढेच नव्हे. प्रॅक्टिस मोडमध्ये एकट्याने जाऊन प्रत्येक वाटेने साइटवर यावे आणि तीन गोष्टी नोंदवाव्यात: इथून पाऊल टाकले की पहिल्यांदा कोणता कोपरा उघडा पडतो, त्या कोपऱ्यात उभ्या माणसाचे डोके पडद्यावर नेमके कोणत्या उंचीवर येते, आणि दोन कोपरे एकाच वेळी अंगावर येणार नाहीत अशी पावले कशी टाकता येतील. त्यानंतर बाजू बदलून हेच बचावाच्या जागांवरून पाहावे. आपण ज्या खांबाआड निर्धास्त उभे असतो तिथे शॉर्टवरून आपला खांदा दिसतो, हे समोरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

खरेदी: दोघांची थैली एकच

सुरुवातीला प्रत्येकाकडे ८०० डॉलर असतात. पहिल्या राउंडला दोघांनीही ६५० डॉलरचे केव्हलर (अंगावरचे चिलखत) घेणे ही सवय झालेली असते, पण दोघांमध्ये विभागणी केली तर जास्त मिळते. हल्ल्याच्या बाजूने आत पहिला शिरणाऱ्याने केव्हलर घ्यावे आणि मागच्याने ३०० चा स्मोक आणि प्रत्येकी २०० चे दोन फ्लॅश (डोळे दिपवणारे ग्रेनेड) घ्यावेत. बचावात एकाने ४०० चे डिफ्यूज किट (बॉम्ब लवकर निकामी करण्याचे साधन) घेतले, तर त्याच्याकडे आणखी दोन फ्लॅशपुरते पैसे उरतात. पहिल्या, म्हणजे पिस्तूल राउंडला चांगला फ्लॅश बंदुकीपेक्षा जास्त काम करतो.

पुढच्या राउंडपासून एक नियम काटेकोरपणे पाळावा: घ्यायचे तर दोघांनी घ्यायचे, नाहीतर दोघांनीही थांबायचे. एकाच्या हाती रायफल आणि दुसऱ्याच्या हाती सुरुवातीचे पिस्तूल असेल, तर ट्रेड करण्याची क्षमता निम्म्यावर येते, आणि शिवाय रायफलवाला पडला तर ती रायफल शत्रूच्या हाती जाते. खेळात साथीदारासाठी शस्त्र विकत घेऊन टाकण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. समजा तुमच्याकडे ६५०० आहेत आणि साथीदाराकडे १५००. तुम्ही २७०० ची एक याप्रमाणे दोन एके-४७ घेतल्या तर ५४०० गेले. उरलेल्या ११०० मधून १००० चे केव्हलर आणि हेल्मेट तुम्हाला येते. साथीदार स्वतःच्या पैशांतून १००० चे चिलखत, एक स्मोक आणि एक फ्लॅश घेतो. दोघेही पूर्ण सज्ज झाले, आणि हे सगळे खरेदीच्या वेळेत बोलून ठरले असेल तरच शक्य होते.

हेल्मेटबद्दलही विचारपूर्वक ठरवावे. एके-४७ ची गोळी डोक्याला लागली तर हेल्मेट असूनही खेळाडू पडतो. समोरच्या दोघांकडे एके आहे अशी खात्री असेल, तर बचाव करणाऱ्याने हेल्मेटचे ३५० वाचवून ते किटकडे किंवा स्मोककडे वळवणे शहाणपणाचे ठरते. उलट बचावाच्या बाजूच्या एम-फोर रायफलची गोळी हेल्मेट असलेल्याला डोक्यात लागूनही एकाच फटक्यात मारत नाही, म्हणून हल्ला करणाऱ्याने हेल्मेट सोडू नये.

४७५० ची एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल हा या प्रकारातील मोठा मोह आहे. लांब, सरळ वाट धरायची असेल तर ती उत्तम आहे, पण तिची एक गोळी चुकली की पुढची सुटायला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि छोट्या नकाशावर दीड सेकंदात शत्रू अंगावर येतो. त्यामुळे एडब्ल्यूपी घेणाऱ्याच्या अगदी जवळ, त्याच्या डोळ्यांसमोरून येणाऱ्याला टिपता येईल अशा जागी दुसऱ्याने उभे राहायचे असते. तशी तयारी नसेल तर त्या पैशांत रायफल, चिलखत आणि सगळे ग्रेनेड घ्यावेत.

हल्ला: एक राउंड जवळून

ओव्हरपासच्या बी साइटवरचा, दोघेही पूर्ण सज्ज असतानाचा एक राउंड टप्प्याटप्प्याने पाहू. सोयीसाठी आत आधी जाणाऱ्याला पहिला आणि त्याच्या मागे राहणाऱ्याला दुसरा म्हणू.

सुरुवातीची वीस-पंचवीस सेकंदे दोघेही शिफ्ट दाबून, आवाज न करता मॉन्स्टरच्या तोंडाजवळ येतात. इथे घाई करण्याचे काहीच कारण नसते. समोरचे दोघे काय करतात ते ऐकायचे असते: एखादा फ्लॅश शॉर्टवर फुटला, कुणी पुलावरून धावले, एखादी आग मॉन्स्टरच्या तोंडाशी पडली, यांतली प्रत्येक गोष्ट त्यांच्या जागा उघड करते. आग पडली तर दोन पावले मागे घेऊन ती विझेपर्यंत थांबायचे, किंवा तिच्यावर स्मोक टाकून ती विझवायची. पहिला पर्याय बहुतेक वेळा स्वस्त पडतो.

त्यानंतर दुसरा खेळाडू पुलाकडची दृष्टी बंद करणारा स्मोक टाकतो आणि लगेच पिंपांच्या मागे मोलोटोव्ह, म्हणजे आगीचा ग्रेनेड. पहिल्याने स्वतःचा मोलोटोव्ह मुद्दाम राखून ठेवलेला असतो. त्याचे काम पुढे येते. आता साइटचे दोन कोपरे निकामी झालेले असतात, आणि पाहायला उरतात ते खांब आणि शॉर्टची बाजू. दुसरा खेळाडू खांबाच्या वरून फ्लॅश सोडतो आणि ‘फ्लॅश’ एवढा एकच शब्द बोलतो. फ्लॅश फुटताक्षणी पहिला आत शिरतो आणि खांबाची जागा साफ करतो. दुसरा त्याच्या मागे दोन पावलांवर राहून शॉर्टच्या बाजूकडे पाहतो.

या दोन पावलांच्या अंतरावर सगळा राउंड उभा असतो. अंतर शून्य झाले, तर गोळ्यांच्या एकाच फवाऱ्यात दोघे जातात. अंतर आठ-दहा पावले झाले, तर पहिला पडल्यावर त्याला मारणारा आडोशाला परतलेला असतो आणि दुसऱ्यापुढे रिकामा कोपरा उरतो. नवख्या जोड्यांमध्ये दुसरा खेळाडू ग्रेनेड टाकून झाल्यावर बंदूक हातात घेण्याआधीच पहिला निघून जातो. म्हणून पहिल्याने साथीदाराच्या हातातील बंदूक पाहून मगच निघावे, ही सवय जाणीवपूर्वक लावावी.

दोघांनी दोन वाटांनी येणेही योग्य आहे, पण अट एकच: दोघे दोन-तीन सेकंदांच्या आत एकाच वेळी साइटवर दिसले पाहिजेत. एक मॉन्स्टरमध्ये चकमकीत असताना दुसरा शॉर्टपासून दहा सेकंदांवर असेल, तर तो दोन वाटांनी केलेला हल्ला होत नाही, ते एकामागून एक झालेले दोन एकट्यांचे मरण असते.

आत शिरताना हाताच्या दोन सवयी कामी येतात. नेम नेहमी डोक्याच्या उंचीवर आणि पुढच्या कोपऱ्याच्या कडेला ठेवावा, जमिनीकडे कधीच नाही. आणि गोळी झाडण्याआधी पूर्ण थांबावे: उजवीकडे सरकत असाल तर डावीकडची कळ क्षणभर दाबून वेग शून्य करावा, मग गोळी झाडावी. धावताना झाडलेली रायफलची गोळी कुठे जाईल यावर खेळाडूचा ताबा नसतो.

बॉम्ब लावल्यानंतर

बॉम्ब कुठे लावायचा हे आत शिरण्याआधीच ठरलेले असावे. वरच्या राउंडमध्ये तो मॉन्स्टरच्या तोंडातून दिसेल अशा उघड्या बाजूला लावायचा. लावून झाल्यावर साइटवर घुटमळायचे नाही. एकाने मॉन्स्टरमध्ये परत जावे आणि दुसऱ्याने शॉर्टवर जागा घ्यावी. अशा मांडणीत बॉम्ब निकामी करायला बसलेला खेळाडू एकाकडे वळला की दुसऱ्याला पाठ दाखवतो.

इथून पुढे घड्याळ तुमच्या बाजूने असते, आणि हेच अनेकांना पेलत नाही. किट नसलेल्या खेळाडूला बॉम्ब निकामी करायला १० सेकंद लागतात आणि किट असलेल्याला ५. म्हणजे किट नसेल तर बॉम्ब लावल्यापासून ३० सेकंदांच्या आत आणि असेल तर ३५ सेकंदांच्या आत त्यांना सुरुवात करावीच लागते. तोवर डोके बाहेर काढून शत्रूला शोधत हिंडण्यात काहीच फायदा नाही. निकामी करण्याचा आवाज आला की मगच पाहायचे. अनुभवी विरोधक कळ एकदा दाबून सोडतात आणि तुम्ही बाहेर येण्याची वाट पाहतात, म्हणून आवाज आल्यावर क्षणभर थांबून तो चालू राहतो की तुटतो हे ऐकावे. फक्त शेवटच्या सेकंदांत ही चैन परवडत नाही.

राखून ठेवलेला मोलोटोव्ह आता उपयोगी पडतो. त्याची आग सुमारे सात सेकंद टिकते. बॉम्बवर ती योग्य वेळी पडली, तर किट नसलेल्या बचावाचा राउंड तिथेच संपतो. त्यांच्याकडे स्मोक शिल्लक असेल तर ते आग विझवतील आणि धुरात बसून बॉम्ब निकामी करतील. तसे झाल्यास हायएक्स्प्लोसिव्ह ग्रेनेड धुरात टाकावा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्याच्या स्फोटाने धुरात काही क्षण भगदाड पडते आणि बॉम्बवर बसलेला माणूस दिसतो. ग्रेनेड नसेल तर बॉम्बच्या जागेवर, बसलेल्या माणसाच्या उंचीवर धुरातून गोळ्या झाडाव्यात.

बचाव: जागा धरणे आणि जागा सोडणे

बचाव करणाऱ्या दोघांनी एकाच कोनातून एकच वाट पाहणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे, कारण मग एक फ्लॅश दोघांनाही आंधळे करतो. ओव्हरपासवर एकाने साइटजवळ, खांबाच्या आसपास राहावे आणि दुसऱ्याने पुलावरून त्याच्यावर नजर ठेवावी. मॉन्स्टरमधून येणारा शत्रू खालच्याशी लढू लागला की वरच्याला त्याची बाजू दिसते. खालच्या खेळाडूने पहिली चकमक केल्यावर त्याच जागी पुन्हा डोके काढू नये. जागा एकदा कळली की पुढची गोळी तिथेच येणार हे धरून चालावे.

ग्रेनेड टाकण्यामागचा हेतू स्पष्ट असावा. बचावाची आग आणि धूर हे मारण्यासाठी नसून वेळ काढण्यासाठी असतात. दीड मिनिटाच्या राउंडमध्ये दोन आगी आणि एक धूर योग्य वेळी पडले, तर हल्ला करणाऱ्यांची बरीच सेकंदे वाया जातात आणि शेवटी त्यांना घाईने, ठरलेला स्मोक न टाकता आत यावे लागते. सगळे ग्रेनेड पहिल्या दहा सेकंदांत संपवणारी जोडी उरलेला राउंड रिकाम्या हातांनी काढते. मी तर असे सुचवेन, की दोघांपैकी एकाने राउंडच्या पूर्वार्धात आपला एकही ग्रेनेड वापरायचा नाही असा नियमच करावा.

आणखी एक गोष्ट पचायला कठीण जाते: साइट सोडून देणे हा पराभव नसतो. शत्रूने चांगला धूर, आग आणि फ्लॅश टाकून जोर केला असेल, तर साइटवरच्या खेळाडूने एक-दोन गोळ्या झाडून मागे पुलाकडे यावे, बॉम्ब लावू द्यावा आणि मग दोघांनी मिळून साइट परत घ्यावी. दोघे जिवंत, हातात किट आणि एक स्मोक, ही स्थिती पुष्कळदा बचावाच्या फायद्याची असते. एकट्याने साइटवर टिकून राहून मरण्यापेक्षा ती नक्कीच बरी. परत घेताना एकाने बॉम्बकडे पाहायचेच नाही. शत्रू जिथे असण्याची शक्यता आहे तिकडे नेम धरून राहायचे. कळ दाबण्याचे काम दुसऱ्याचे, आणि किट त्याच्याकडेच असले पाहिजे. किटवाला पडला असेल तर त्याचे किट उचलता येते, हे गडबडीत विसरले जाते.

एकटे उरल्यावर

साथीदार गेला आणि समोर दोघे उरले, तर त्यांना एकाच वेळी सामोरे न जाणे हे एकमेव ध्येय असावे. आधी आवाज पूर्ण बंद करावा. शत्रूला तुमची जागा शेवटची जिथे दिसली तिथून हलावे. मग असा कोपरा शोधावा जिथून एकच वाट दिसते, आणि पहिल्याला टिपताच लगेच जागा बदलावी, कारण दुसरा ट्रेड घेण्यासाठी त्याच जागेकडे धावत येत असतो. दोघांनी फार शिस्तीने जागा धरल्या असतील, बॉम्ब लागलेला असेल आणि वेळ उरला नसेल, तर महागडी बंदूक वाचवून पुढच्या राउंडला नेणे हाही योग्य निर्णय असतो.

काय बोलावे, काय बोलू नये

मराठी जोड्या खेळताना मराठी, हिंदी आणि इंग्रजी सहज मिसळून बोलतात आणि त्यात काही गैर नाही. जागांची नावे मात्र दोघांच्या तोंडी एकच असावीत. सांगण्याचा क्रम ठरवून घ्यावा: आधी जागा, मग किती जण, मग त्यांची अवस्था. ‘शॉर्टला एक, हाफ आहे, मागे गेला’ हे वाक्य (हाफ म्हणजे निम्मे आरोग्य उरलेला) दोन सेकंदांत संपते आणि साथीदाराला हवे ते सगळे देते. ‘अरे तो बघ, तिकडे, तिकडे, कसा मारला यार’ या वाक्यातून काहीच मिळत नाही आणि पावलांचा आवाजही बुडतो.

पडलेल्या खेळाडूने एक वाक्य सांगून गप्प बसावे. साथीदार एकटा खेळत असताना त्याला ‘आता जा’, ‘मागे बघ’ अशा सूचना देण्याचा मोह आवरावा, कारण पडलेल्याच्या पडद्यावर दिसते तेच त्यालाही दिसत असते, आणि तो तुमच्यापेक्षा जास्त ऐकत असतो. चुकीची चर्चा राउंड संपल्यावर, तीही पुढच्या खरेदीपुरती करावी: ‘पुढच्या वेळी मी फ्लॅश देईपर्यंत थांब’ इतके पुरते.

गनफाइट खेळणाऱ्यांसाठी

२०१९ च्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअरमधील गनफाइट हा प्रकारही दोन विरुद्ध दोन खेळाडूंचा आणि लहान नकाशांचा आहे, पण त्यात खरेदी नाही. चौघांनाही सारखीच शस्त्रे मिळतात आणि ती दर दोन राउंडनंतर बदलतात. गमावलेले आरोग्य राउंडमध्ये भरून येत नाही. राउंड ४० सेकंदांचा असतो. तेवढ्यात निकाल लागला नाही तर मध्यभागी झेंडा येतो, तो ३ सेकंद ताब्यात ठेवणारा संघ जिंकतो, आणि झेंडा कुणीच घेतला नाही तर ज्या संघाचे उरलेले आरोग्य जास्त तो जिंकतो. आधी ६ राउंड घेणारा संघ सामना जिंकतो. इथे ट्रेडचे महत्त्व तितकेच राहते, पण एक फरक लक्षात ठेवावा: मारता आले नाही तरी झालेली इजा वाया जात नाही. सुरुवातीलाच दोन गोळ्या लावून मागे आलेली जोडी वेळ संपवूनही राउंड घेऊ शकते, आणि म्हणून मागे असलेल्या जोडीला झेंड्याकडे यावेच लागते. त्या वाटेवर नेम धरून बसणे हे पुढे असलेल्या जोडीचे काम.

सराव कसा करावा

एकट्याचा सराव थोडा आणि नेमका असावा. डेथमॅचमध्ये, म्हणजे मेल्यावर लगेच परत येता येणाऱ्या प्रकारात, वीस मिनिटे फक्त थांबून झाडलेल्या एक-दोन गोळ्यांचा सराव करावा आणि गुणसंख्येकडे पाहू नये. एके-४७ चा फवारा आधी वर आणि मग बाजूंना जातो. भिंतीवर झाडून पहिल्या दहा गोळ्या एका ठिकाणी आणता आल्या, तरी छोट्या नकाशावरच्या बहुतेक अंतरांसाठी ते पुरेसे आहे.

जोडीचा सराव याहून महत्त्वाचा आहे, आणि तो फार थोडे जण करतात. प्रॅक्टिस मोडमध्ये दोघांनी एकाच सर्व्हरवर जाऊन एकच हल्ला सलग करून पाहावा: स्मोक, आग, फ्लॅश, प्रवेश, बॉम्ब, परतीच्या जागा. ग्रेनेडचा मार्ग तिथे आधीच दिसतो, त्यामुळे कुठे उभे राहून भिंतीवरच्या कोणत्या खुणेवर नेम धरायचा हे पटकन पक्के होते. स्मोक फेकल्यापासून धूर पसरेपर्यंत किती वेळ जातो तो मनात मोजावा आणि पहिल्याने नेमके केव्हा निघायचे ते त्यावरून ठरवावे. मग भूमिका बदलून तेच करावे, कारण मागे राहणाऱ्याला पुढच्याची घाई आणि पुढच्याला मागच्याची अडचण स्वतः केल्याशिवाय समजत नाही. एका नकाशासाठी असे दोन हल्ले आणि बचावाच्या दोन मांडण्या तयार असल्या, की श्रेणी चढायला लागते.

सामने स्टीममधील चित्रमुद्रणाच्या सोयीने जपून ठेवावेत आणि हरलेले राउंडच आधी पाहावेत. प्रत्येक राउंडमध्ये आपल्यापैकी जो पहिला पडला, त्या क्षणी चित्र थांबवून एकच गोष्ट तपासावी: दुसरा कुठे होता, त्याच्या हातात बंदूक होती की ग्रेनेड, आणि मारणारा त्याला दिसू शकत होता का. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो दोष नेमबाजीचा नाही आणि डेथमॅच कितीही खेळून जाणार नाही. अशा राउंडची जागा आणि कारण एका वहीत लिहून ठेवावे. आठ-दहा सामन्यांच्या नोंदींत तीच जागा आणि तेच कारण पुन्हा पुन्हा येऊ लागले, की पुढच्या सरावात दोघांनी नेमके काय करायचे ते त्या नोंदींवरूनच ठरते.